अकाली उमलणारे कंद आणि आपला औषधसंग्रह

वैद्यकवर्गाचा ऋतूंशी असलेला संबंध केवळ दिनदर्शिकेपुरता नाही. ऋतू बदलला की रुग्ण बदलतो आणि रुग्ण बदलला की चिकित्सा बदलते, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. परंतु ऋतू बदलला की औषधही बदलते, या गोष्टीकडे आपले म्हणावे तितके लक्ष जात नाही. औषधी आपल्याकडे येते ती वाळून, पोत्यात भरून, अनेक हातांतून. तिने कोणता हिवाळा सोसला, हे त्या पोत्यावर लिहिलेले नसते. या लेखात काश्मीरमधील वासंतिक कंदांच्या निमित्ताने हा प्रश्न आपल्यासमोर मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

काश्मीरचा हिवाळा

काश्मीर खोऱ्यात हिवाळ्याची मोजणी लोकांनी आपल्या पद्धतीने केलेली आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, नंतर वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेले बर्फ टिकते, वर्षभर झरे आणि नद्या यांना पाणी पुरविते, आणि मातीखालील कंदांवर पांघरुणासारखे राहते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात चिल्लई कलानचा बहुतेक काळ कोरडा गेला. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. बर्फ आले ते महिन्याच्या अखेरीस. पुढील वर्षीही तीच कथा. बर्फ नसल्यामुळे फेब्रुवारी २०२५ मधील गुलमर्गच्या हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, त्याच महिन्यात अनंतनाग जिल्ह्यातील अच्छबलचा प्रसिद्ध झरा आटला. संपूर्ण देशाचा विचार करता, भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार १९०१ पासूनचा तो सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला.

या खोऱ्यात वसंताची वर्दी देणारी दोन पिवळी फुले आहेत. एक ‘गुल-तूर’, म्हणजे स्टर्नबर्गिया व्हर्नालिस. याचा कंद पलांडूप्रमाणे पापुद्र्यांचा असतो. दुसरे ‘विर्किम’, म्हणजे कॉल्चिकम ल्युटियम. याचा कंद भरीव, घनकंद होय. हाच आपल्या बाजारातील सुरंजान. बर्फ वितळू लागले की त्याच्या कडेने ही फुले जमिनीतून डोके वर काढतात.

गुल-तूरच्या फुलण्याच्या काळाचा अभ्यास काश्मीर विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला असून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. प्रत्यक्ष क्षेत्रनिरीक्षणे, वनस्पतिसंग्रहालयातील जुने वाळविलेले नमुने आणि प्रयोग या तिन्हींचा आधार घेऊन, तापमानवाढीबरोबर या वनस्पतीचा बहर लक्षणीयरीत्या अलीकडे सरकला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

कंद लवकर का जागा होतो?

वसंतात फुलणाऱ्या कंदाचे फूल वसंतात ‘तयार’ होत नाही. त्याचा अंकुर आधीच कंदाच्या पोटात धरलेला असतो. तो काही आठवडे थंडी सोसतो आणि नंतर उष्णतेची वाट पाहतो. थंडीची ही गरज पूर्ण झाली की पुढचा इशारा मातीच्या उबेचा. बर्फाचे आच्छादन असेल तर सूर्यकिरण परावर्तित होतात आणि माती गार राहते. बर्फ नसेल तर दोनचार उबदार दिवसांतच माती तापते आणि कंद जागा होतो. पुढे उशिराचे बर्फ वा दहिवर पडले तर तेच कोवळे फूल करपते. परागीभवन करणारे कीटक त्या वेळी बाहेर पडलेले नसतील तर बीजही धरत नाही.

औषधाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याहून पुढची आहे. कॉल्चिकमचा घनकंद दरवर्षी नवा होतो. फूल आणि पाने यांच्या वाढीसाठी जुना कंद आपला साठा खर्च करतो आणि पाने जे अन्न तयार करतात त्यावर शेजारी नवा कंद पोसला जातो. म्हणजे एकाच झाडाचा कंद एका महिन्यात रिता व सुरकुतलेला, तर दुसऱ्या महिन्यात भरलेला असतो. संग्राहक मात्र ठरलेल्या महिन्यात डोंगरावर जातो. वनस्पतीचे पंचांग पुढे सरकले आणि संग्राहकाचे जागेवरच राहिले, तर पोत्यात येणारा माल नेहमीच्या अवस्थेतील असेलच याची खात्री कोणी द्यावी?

शास्त्र काय सांगते?

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात अंगपरत्वे संग्रहाचा काळ सांगितला आहे. त्वचा, कंद व क्षीर शरद ऋतूत घ्यावेत असे सांगतानाच मुळांसाठी त्यांनी पानांची स्थिती ही खूण दिली आहे. ही खूण महत्त्वाची आहे, कारण ती महिन्याकडे नव्हे तर वनस्पतीकडे पाहावयास शिकविते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात अव्यापन्न व व्यापन्न ऋतू असा भेद केला असून, शीत, उष्ण, वात व वर्षा विपरीत झाल्यास औषधी आणि जल दोन्ही बिघडतात, असे स्पष्ट म्हटले आहे.

याहून हृदयाला भिडणारा प्रसंग चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोध्वंसनीय अध्यायात आहे. गंगातीरी, पांचालदेशातील कांपिल्य नगरीजवळ वनातून फिरताना भगवान पुनर्वसू अग्निवेशाला सांगतात की ग्रह, ऋतू व दिशा यांची प्रकृती बिघडलेली दिसते. लवकरच भूमी नीरस होईल. तेव्हा औषधींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट होण्यापूर्वीच त्या काढून ठेवा. साथ अद्याप आलेली नाही, रुग्ण अद्याप दारात नाही, आणि आचार्यांची पहिली आज्ञा आहे ती औषधसंग्रहाची.

मात्रा तीच, परिणाम निराळा

एक अनुभव नमूद करतो. काही वर्षांपूर्वी वातरक्ताच्या एका जुन्या रुग्णास मी नेहमीच्याच मात्रेत सुरंजानयुक्त चूर्ण दिले. पूर्वी दोन वेळा हे चूर्ण त्यास उत्तम मानवले होते. या खेपेस दुसऱ्याच दिवशी मळमळ व जुलाब सुरू झाले. औषध तत्काळ थांबविले, रुग्ण दोन दिवसांत सावरला. उरलेले कंद काढून पाहिले तेव्हा त्यात भरीव, सुरकुतलेले, लहान, मोठे, सारेच एकत्र होते; काही जिभेस स्पर्श होताच कडू लागले. विक्रेत्यास विचारले तर त्यास मालाचा महिनाच काय, प्रांतही सांगता येईना. दोष ऋतूचा होता की भेसळीचा, हे मला ठरविता आले नाही. मला टोचले ते हेच. ठरविण्यासाठी लागणारी एकही नोंद माझ्यापाशी नव्हती.

सुरंजानाच्या बाबतीत ही बेफिकिरी महाग पडणारी आहे. यातील कॉल्चिसिन हे द्रव्य १८२० मध्ये फ्रान्समधील पेलेत्ये व काव्हांतू यांनी कॉल्चिकमपासून वेगळे केले. संधिशूलात ते आजही वापरले जाते, परंतु त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर अत्यल्प आहे. वमन व अतिसार ही विषाची पहिली हाक होय. म्हणूनच परंपरेने गोड सुरंजान पोटात आणि कडू सुरंजान बाह्योपयोगासाठी, असा विवेक ठेवला. हेच कॉल्चिसिन आपल्या सह्याद्रीतील कळलावीत, म्हणजे लांगलीतही असते. पावसाच्या आगमनाबरोबर अंकुरणाऱ्या या कंदाचे वेळापत्रकही पावसावर अवलंबून आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ काश्मीरचा मानून चालणार नाही.

केशराचीही हीच चिंता आहे. पांपोरचे केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते, पण पुढील वर्षीचे कंद पोसले जातात ते हिवाळ्यात व वसंतात, हिरव्या पानांवर आणि बर्फाच्या ओलाव्यावर. कोरड्या हिवाळ्याचे मोल त्यामुळे पुढच्या शरदात मोजावे लागते. माल कमी आणि भाव चढा, की भेसळ आलीच.

आपण काय करावे?

औषधनिर्माते व औषधालयचालक यांनी कंदवर्गीय द्रव्ये खरेदी करताना संग्रहाचा महिना, वर्ष आणि प्रदेश यांची लेखी मागणी करावी. मिळत नसेल तर तसे नोंदवहीत लिहावे. प्रत्येक खेपेचा नमुना वेगळा जपून ठेवावा. सुरकुतलेले व पोकळ कंद निवडून काढावेत. कॉल्चिसिनयुक्त द्रव्यांच्या बाबतीत केवळ ओळख न पाहता द्रव्याचे प्रमाणही प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे आणि दोन खेपा एकमेकींत मिसळू नयेत. लांगली शोधनाशिवाय वापरू नये, हे सांगणे नलगे. रानातील विर्किम अतिसंग्रहाने आधीच विरळ होत आहे. म्हणून लागवडीच्या मालास दोन पैसे अधिक देण्याची आपली तयारी हवी.

चिकित्सकांनी नवी खेप सुरू करताना पहिल्या रुग्णांत अल्प मात्रेने आरंभ करावा, आणि यकृत वा वृक्क दुर्बल असणाऱ्यांत सुरंजान टाळावे. रुग्ण आधुनिक कॉल्चिसिन घेत आहे काय, हे विचारल्यावाचून सुरंजान देऊ नये.

ऋतुचर्येतही हाच विवेक हवा. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आला, परंतु उष्मा त्याच्या महिनाभर आधी आला होता. शिशिरात साठलेला कफ चैत्राची वाट पाहत बसत नाही. सूर्य तापला की तो वितळतो. अशा वर्षी वमनाचा काळ, हरीतकीबरोबर पिप्पली थांबवून मध सुरू करण्याचा काळ, हे सारे लक्षणांवरून ठरवावे लागते.

त्या दिवसापासून माझ्या औषधालयातील प्रत्येक बरणीवर मी एक चिठ्ठी लावतो: द्रव्य, प्रांत, महिना, वर्ष. काही चिठ्ठ्यांवरील दोन रकाने अजून कोरे आहेत. ते भरून देण्याचा आग्रह आपण सर्वांनी मिळून धरला, तर विक्रेता तो डोंगरावरील संग्राहकापर्यंत पोहोचवील. एकट्या वैद्याने धरला, तर तो दुसरे गिऱ्हाईक पाहील.