कार्बनच्या जुन्या सायकलीला रंग देताना

मुकुटबनच्या आमच्या कापड दुकानात एक पेंटर बांधव सायकलीची फ्रेम घेऊन आले. गिऱ्हाईकाने जुनी परदेशी सायकल नव्याने रंगवायला दिली होती. एका जागी रंग घासताच खाली लोखंडाऐवजी काळी वीण दिसली. "भाईजान, हे तर कापड निघाले! यावर रिमूव्हर चालेल का?"

आम्ही म्हटले, आधी थांबा. चौकशी करून जे कळले ते कारागीर बांधवांसाठी येथे देत आहोत.

ते खरोखर कापडच होते. स्वेटरच्या अॅक्रिलिक धाग्याच्या जातीचाच धागा आधी हवेत तापवतात, मग हवा बंद करून हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजतात. उरतो तो कार्बनचा धागा. आपण कापडाला खळ देतो, तसा हा धागा इपॉक्सी राळेत भिजवून घट्ट करतात. १९८६ साली टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँड यांची सायकल अशाच कार्बन नळ्यांची होती. त्या काळच्या बऱ्याच फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या अॅल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या असत.

काय करू नये

लोखंडी फ्रेमला रिमूव्हर लावा, तापवा, तारेच्या ब्रशने खरवडा, ती सहन करते. कार्बनला यातले काहीच चालत नाही. रिमूव्हर रंगाबरोबर राळही मऊ करतो. पावडर कोटिंगच्या भट्टीत १८० ते २०० अंश उष्णता असते, तिने राळ व चिकटवलेले सांधे दोन्ही बिघडतात. लोखंड बहुधा आधी वाकते, कार्बन इशारा न देता तुटू शकतो. पडणारा माणूस कोणाच्या तरी घरचा असतो.

काम कसे करावे

आधी फ्रेम साबणाच्या पाण्याने धुऊन उजेडात तपासावी. नाण्याने हलके ठोकत जावे. एकसारखा टणक आवाज मध्येच बद्द झाला तर तेथे थर सुटल्याचा संशय धरावा. सांध्यापाशी रंग फुगलेला व खाली पांढरी भुकटी असेल, तर अॅल्युमिनियम गंजू लागले आहे.

फ्रेम निर्दोष वाटली तर रंग हातानेच, पाणी लावून वॉटर पेपरने काढावा. ३२० नंबरने सुरुवात, मग ४०० आणि ६००. आधी रंगाचे पाणी निघते, मग प्रायमरचे. पाणी काळे होऊ लागले की हात थांबवावा, कारण आता धागा कापला जात आहे. धागा तुटला की ताकद गेली. हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. प्रायमरचा थोडा अंश राहिला तरी हरकत नाही.

ही भुकटी छातीला व कातडीला वाईट, म्हणून मास्क व हातमोजे हवेतच. नंतर इपॉक्सी प्रायमर, मोटारीचा टू-के रंग आणि वर उन्हापासून बचाव करणारा क्लिअर कोट, सगळे पातळ थरांत. उन्हाने राळ खराब होते, म्हणून फ्रेम उघडी ठेवू नये. टू-के हार्डनरची वाफ घातक असते. फवारणीला साधा रुमाल पुरत नाही, त्यासाठीचा योग्य मास्क वापरावा. वाळवण भट्टीत नव्हे, हवेवर.

या कामाला वेळ लागतो. मजुरी लोखंडी फ्रेमच्या दराने नव्हे, वेळ धरून आधीच ठरवावी.

रंगाखालचा ऐब

सहीह मुस्लिममधील प्रसंग आपणास माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तो आतून ओला लागला. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. तडा गेलेल्या फ्रेमवर चकचकीत रंग म्हणजे वरून कोरडा ढीगच होय.

त्या फ्रेमच्या खालच्या सांध्याशी पांढरी भुकटी निघाली. पेंटर बांधवांनी ती गिऱ्हाईकास दाखवली, रंग देण्यास नकार दिला आणि घासकामाची तेवढी मजुरी घेतली. फ्रेम आता त्या घरी भिंतीवर टांगली आहे. पेंटर बांधवांची पूर्ण कामाची कमाई बुडाली खरी, पण रोजी हलाल राहिली.