नाल्याच्या वाळूत सोने सापडते काय?

पोळ्याच्या सुमारास पूर ओसरला, की अल्लीपूरसारख्या गावी एखादा मुलगा नाल्यातली मूठभर वाळू शाळेत घेऊन येतो. "गुरुजी, ह्यात पिवळे काय चमकते?" त्याला हसून घालवू नका.

जुन्या मध्यप्रांतात, बालाघाट आणि मंडला भागात, सोनझरा नावाची जमात नद्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचीत असे. सोनाराच्या दुकानापुढचा केर धुणारे झारेकरी तर आपल्याला माहीतच आहेत. दोघांची विद्या एकच, आणि ती घरोघरच्या सुपातही आहे: हलके फोल उडते, जड दाणा मागे राहतो. सोने पाण्याच्या १९ पट जड, तर वाळूतली गारगोटी अडीच पटींहून थोडी अधिक. पुराच्या जोरात सगळेच वाहते. पण ओढ मंदावली की सोने आधी बसते. म्हणून ते वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळखडकाच्या फटीत शोधायचे. पावसाळ्यात जुना गाळ उलथतो, नवा येतो. शोध मात्र पाणी उतरल्यावरच. वरच्या अंगाला पाऊस झाला तर इकडे ऊन असतानाही लोंढा येतो. सोन्यापायी जीव घालवू नये.

पण नाला सोने निवडतो, निर्माण करीत नाही. खडकात असेल तेच तो आणणार. नागपूर-भंडाऱ्याकडील साकोली मालिकेच्या फार प्राचीन खडकांत सोन्याच्या खुणा भूवैज्ञानिकांना आढळल्या आहेत. आपल्या वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. त्यातून कपाशीची काळी माती मिळाली. वेचण्याजोगे सोने नाही. नाल्याच्या तळाशी जड काळी वाळू साचते खरी, पण तिला लोहचुंबक लावून पाहा, पुष्कळशी चिकटेल.

मग ते पिवळे काय? बांधकामाकरिता बाहेरून आणलेल्या वाळूतले अभ्रक असू शकेल. कण सुईने दाबा. अभ्रकाचे पापुद्रे निघतात. लोहमाक्षिक, ज्याने भलेभले फसले, त्याचा काळपट भुगा होतो. सोने नुसते चपटते. सावलीत धरले तरी त्याचा रंग तोच राहतो.

कोणी पारा वापरून सोने काढायला शिकवू लागला, तर त्याला सरळ परत पाठवा. पारा तापवल्यावर निघणारी वाफ विषारी असते. शिवाय परवान्यावाचून सोन्याचे खाणकाम करणे १९५७ च्या खनिज कायद्याने गुन्हा आहे.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. सायकलीच्या चाकातले पाचसहा छर्रे थाळीभर वाळूत मिसळा, पाणी घाला, थाळी जरा कलती धरून हलकेच घोळा आणि वरची वाळू सांडू द्या. शेवटी छर्रे थाळीच्या कोपऱ्यात एकटे उरतील. मुलांना आधी विचारा, ते कुठे राहतील म्हणून.