कुंपणालगतचा तरवड

हैदराबादेत नवरात्रात आपल्या घरी भोंडल्याची खिरापत शिजते, तेव्हा शेजारच्या तेलुगू घरांत बतुकम्मा रचली जाते. तिच्यातलं मानाचं पिवळं फूल म्हणजे तंगेडू, आपला तरवड. तेलंगणाचं राज्यपुष्पही तेच. पण आमच्या भागातल्या खडकाळ माळांवर इमारती उभ्या राहिल्या आणि हे रानफूल बाजारातून विकत आणायची वेळ आली. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ते सोसायटीच्या कुंपणालगत लावलं.

सॉफ्टवेअरच्या नोकरीत जमेल इतकीच त्याची उठबस. चपट्या, वाळलेल्या शेंगांतलं बी टणक असतं. ते पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. मूळ खोल जातं, रोप उपटून हलवलेलं त्याला सोसत नाही. तेव्हा पावसाच्या तोंडाशी बी कायमच्या जागीच पेरा. मुरमाड जमीन आणि भरपूर ऊन हवं, पाणी साचायला नको. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्या, पुढे पावसावर सोडा. बहर ओसरला की शेंडे छाटा, झुडूप भरतं.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी नको. त्यांचीच पुढे फिकट रंगाची फुलपाखरं होतात.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी परडीभर फुलं नेली. माझी लेक त्यांच्या बतुकम्माच्या फेरात नाचली आणि त्यांची नात आमच्या भोंडल्याला आली. काही शेंगा राखून ठेवल्या आहेत. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन येईन, ज्यांना हव्या त्यांनी जरूर न्याव्यात.