सशाच्या ताटात सफरचंदाचा चोथा

एक गणित सोडवा बघू. १०० किलो सफरचंदं पिळली आणि साधारण ७५ किलो रस निघाला. उरलेले २५ किलो गेले कुठे?

ते गेले चोथ्यात! हिमाचल प्रदेशात जुलै ते ऑक्टोबर हा सफरचंदांचा मोठा हंगाम. गारांचे डाग पडलेली, वाऱ्याने गळलेली, वेडीवाकडी फळं बाजारात कोण घेणार? मग ती परवानूसारख्या गावातल्या रसाच्या कारखान्यात जातात. तिथे रस वेगळा होतो आणि मागे उरतो ओलसर, तपकिरी लगदा. हातात घेऊन नीट पाहिलंत, तर त्यात लाल सालीचे तुकडे, काळ्या बिया आणि देठाच्या काड्यासुद्धा दिसतील. एक-दोन दिवस तसाच ठेवलात, तर मात्र नाक धरून पळाल! त्यातल्या साखरेवर यीस्ट आणि बुरशी तुटून पडतात. हाच चोथा ओढ्यात टाकला, तर तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत जातो आणि माशांचा जीव गुदमरतो.

पण याच हिमाचलात, कुल्लूजवळच्या गडसा गावी, केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं एक केंद्र आहे. तिथे अंगोरा ससे पाळतात. अंगोरा म्हणजे लोकरीचा ससा. त्याची लांब, रेशमी लोकर दर अडीच-तीन महिन्यांनी कातरता येते. हा ससा पाळायचा, तर सगळ्यात मोठा खर्च कशाचा? खाण्याचा. म्हणजे एकीकडे फुकट जाणारा चोथा आणि दुसरीकडे महाग खुराक. दोघांची गाठ घालून दिली तर?

आता सशाच्या पोटात डोकवायला हवं. खरी गंमत तिथेच आहे.

ससा झाडपाला खातो, पण गाईसारखा रवंथ करत नाही. लहान आणि मोठं आतडं जिथे जोडलेलं असतं, तिथे त्याला एक भलीमोठी पिशवी असते. तिला अंधनाल म्हणतात. पचनमार्गातली सुमारे ४० टक्के जागा एकटी तीच अडवते! आईने इडलीचं पीठ आंबायला ठेवलेलं पातेलं आठवा. तसंच काम इथे चालू असतं. अब्जावधी जिवाणू पाल्याचे बारीक कण आंबवतात. जाडेभरडे धागे मात्र या पिशवीत थांबत नाहीत. ते आतडं हलतं ठेवतात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात.

आणि पिशवीत आंबलेला माल? तो द्राक्षांच्या घोसासारख्या मऊ लेंड्या होऊन बाहेर येतो आणि ससा त्या तिथल्या तिथे तोंड लावून गिळून टाकतो. ‘ई!’ म्हणू नका. त्यात जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. ती फुकट का घालवायची? सशाचा हिशेब चोख आहे.

सफरचंदाच्या चोथ्यात पेक्टिन भरपूर. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. आपल्या पोटातल्या पाचकरसांना ते पचत नाही, पण अंधनालेतले जिवाणू त्याचा चटकन फडशा पाडतात. म्हणून खुराकातलं थोडं धान्य कमी करून त्या जागी सुका चोथा घालता येतो.

थोडंच, बरं का! नुसत्या चोथ्यावर ससा जगणार नाही. सुक्या चोथ्यात प्रथिनं जेमतेम ५-६ टक्के, आणि लोकर तर सगळी प्रथिनांचीच बनते. म्हणून सोबत शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड हवी, चारा हवा. साखर जास्त झाली तर पोटात गॅस धरतो, आणि सशाला उलटी करून मोकळं होता येत नाही. बियांचीही काळजी घ्यावी लागते. त्या चिरडल्या की त्यांच्यातून थोडं सायनाइड तयार होतं.

शिवाय चोथा ताबडतोब वाळवावा लागतो. २५ किलो ओल्या चोथ्यातलं पाणी गेलं, की हाती लागतो जेमतेम ५-६ किलो! मग तो दळून, बाकीच्या खुराकात मिसळून, दाबून त्याच्या गोळ्या करतात. नुसती भुकटी ठेवली तर ससोबा शिंकतात, पंजाने उकरतात आणि निम्मी सांडून ठेवतात. गोळी असली की कुर्रम कुर्रम सुरू.

आपल्याकडे रत्नागिरीत आमरसाच्या कारखान्यांबाहेर साली-कोयींचे ढीग पडतात, नागपूरकडे संत्र्यांच्या साली उरतात. प्रत्येक फळाचा चोथा निराळा. त्यामुळे आधी तो तपासायचा, मोजायचा, थोड्या सशांना देऊन बघायचं आणि मगच सगळ्यांना द्यायचा.

तुमच्या घरी ससा असेल, तर ज्यूसरमधला ओला चोथा त्याच्यापुढे ओतू नका हं. त्याला पोटभर सुकं गवत द्या आणि कधीतरी बिया काढलेली सफरचंदाची एक छोटी फोड.