अंतराळाचा फौजदार

कॉमिक्समधल्या 'ग्रीन लँटर्न' दलाने अख्खे विश्व ३६०० विभागांत वाटून घेतले आहे. विश्व राहू द्या, नुसत्या आपल्या आकाशगंगेचे तेवढे तुकडे केले, तारे किमान १०० अब्ज धरले, तरी एकेका शिलेदाराकडे पावणेतीन कोटींहून जास्त तारे येतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या वाशिम जिल्ह्याची माणसेही बारा लाखांच्या आतच होती!

खरी अडचण वेगाची. वाशिममधून ११२ला केलेला फोन क्षणात लागतो. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, मात्र सव्वाचार प्रकाशवर्षांवर. प्रकाशाहून वेगाने निरोप जात नाही. म्हणजे फिर्याद यायला सव्वाचार वर्षे, नायक पोहोचायला निदान तेवढीच. पंचनामा साडेआठ वर्षांनी! प्रकाशाच्या जवळपास वेगाने गेलेल्या नायकाचे घड्याळ मात्र जेमतेम पुढे सरकलेले असेल, तेव्हा त्याची निवृत्ती कुणाच्या कॅलेंडरने मोजायची, हे ठरवावे लागेल.