विश्लेषण : उतारवयात रात्री वारंवार लघवीला का होते? दोष नेहमी प्रोस्टेटचाच असतो का?

रात्री दोन-तीनदा लघवीसाठी उठावे लागणे ही साठीनंतरची नेहमीची तक्रार. ‘वय झाले की होतेच’ म्हणून ती सोडून दिली जाते. पुरुष प्रोस्टेटला दोष देतात, तर अनेक स्त्रिया संकोचापोटी कुणाला सांगतच नाहीत. मात्र कारण हृदय, रक्तातील साखर, झोपेतला श्वास किंवा गोळी घेण्याची वेळ यांपैकीही एखादे असू शकते. ते शोधण्याची सुरुवात घरातल्याच एका साध्या नोंदवहीने करता येते.

नॉक्टुरिया म्हणजे काय?

झोपेतून लघवीसाठी उठावे लागण्याला वैद्यकीय भाषेत ‘नॉक्टुरिया’ म्हणतात. हा स्वतंत्र आजार नसून लक्षण आहे. उतारवयात रात्री एकदा उठणे सहसा चिंतेचे मानले जात नाही. दोन किंवा अधिक वेळा उठावे लागत असेल आणि झोप मोडत असेल, तर कारण शोधायला हवे.

रात्री लघवी जास्त का तयार होते?

रात्री शरीरातील व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना लघवी कमी तयार करायला लावते. वय वाढते तशी ही व्यवस्था ढिली पडते. दुसरे कारण पायांवरच्या सुजेचे. हृदय कमजोर असेल किंवा पायांच्या शिरांमध्ये दोष असेल, तर दिवसभर पायांत पाणी साचते. आडवे झाल्यावर ते पुन्हा रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांमुळेही काहींच्या घोट्यांवर सूज येते.

झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारात, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियात, हृदयावर ताण येऊन लघवी वाढवणारे संप्रेरक स्रवते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या व्यक्तीने ही शक्यता तपासावी. मधुमेहात साखर वाढली की ती लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेते. अशा वेळी दिवसाही लघवीचे प्रमाण वाढते.

मग मूत्राशयाचा दोष केव्हा?

प्रोस्टेट वाढल्यास मूत्रमार्गावर दाब येतो, धार बारीक होते, लघवी पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. मूत्राशय अतिसंवेदनशील झाल्यास थोडी लघवी साठताच घाई होते. हा त्रास स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता यांमुळेही तो वाढतो.

नोंदवही कशी ठेवावी?

तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळ आणि मिलिलिटर लिहायचे. काय, किती आणि केव्हा प्यायलो, कधी झोपलो, कधी उठलो हेही लिहायचे. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसाच्या हिशेबात, तर सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या हिशेबात धरायची.

समजा, २४ तासांत एकूण १५०० मिलि लघवी झाली आणि त्यातली ७०० मिलि रात्रीची आहे. हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. ज्येष्ठांमध्ये ते ३३ टक्क्यांहून अधिक असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे, असे डॉक्टर मानतात. अशा वेळी केवळ प्रोस्टेटवर उपचार करून त्रास पूर्ण जाईलच असे नाही. उलट, प्रत्येक वेळी जेमतेम १०० मिलिच होत असेल, तर संशय मूत्राशयाकडे किंवा प्रोस्टेटकडे जातो.

पाणी बंद करावे का?

नाही. दिवसभराचे पाणी तोडल्यास चक्कर, बद्धकोष्ठता आणि संसर्गाचा धोका वाढतो. झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत पाणी कमी करावे. संध्याकाळनंतर चहा, कॉफी आणि मद्य टाळावे. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी झोपण्यापूर्वीच निघून जाते. हृदयविकार असलेल्यांनी हे आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलता येते का, हेही विचारावे. गोळी मनाने बंद करू नये. रात्रीची लघवी कमी करणारे डेस्मोप्रेसिन हे औषध ज्येष्ठांमध्ये रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटवू शकते, म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून ते घेऊ नये.

खरा धोका कुठे?

अर्धवट झोपेत, अंधारात, ओल्या फरशीवर पाय घसरणे हा मोठा धोका आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे हिंडणे-फिरणे कायमचे कमी होते. त्यामुळे कारण सापडेपर्यंत थांबू नये. पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा, भिंतीला पकडायला दांडी आणि कोरडी फरशी एवढे तरी आजच करावे. उठताच चालू न लागता पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे. गरज असल्यास खोलीतच कमोडची खुर्ची किंवा भांडे ठेवण्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांकडे तातडीने केव्हा जावे?

लघवीत रक्त दिसणे, थंडी-तापासह जळजळ, पायांवर सूज आणि धाप, अचानक वाढलेली तहान व घटणारे वजन ही लक्षणे थांबण्यासारखी नाहीत. लघवी पूर्ण अडल्यास थेट रुग्णालय गाठावे. इतर वेळी जाताना तीन दिवसांची नोंद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.