गोऱ्या फकिराची मंडळी

नाताळाच्या मंगल पर्वात आमच्या नगर जिल्ह्यात, अकोल्यापासून नगरपर्यंत, ख्रिस्ती परंपरेचा विषय निघाला की अमेरिकन मराठी मिशन आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे स्मरण प्रथम होते. या मिशनने १८३१ साली नगर येथे ठाणे केले. परंतु याच मिशनकडून मुंबईस आलेल्या एका साधुपुरुषाने पुढे मेथडिस्ट मंडळीच्या उभारणीस हात दिला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

जॉर्ज बोवेन हे त्यांचे नाव. १८१६ साली अमेरिकेत जन्मलेला हा तरुण आरंभी नास्तिक होता. वाग्दत्त वधू मृत्युशय्येवर आपले बायबल मागे ठेवून गेली. ते वाचता वाचता त्याला श्रद्धा लाभली. १८४८ साली तो मुंबईस आला. आपल्या राहणीमुळे आपण ज्यांना उपदेश करतो त्यांच्यापासून दूर पडतो, असे त्याला वाटू लागले. त्याने मिशनचा पगार सोडला आणि गोरगरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड केले. मराठी शिकून रस्त्यावर उपदेश करणाऱ्या या माणसास लोक गोरा साधू समजत.

१८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे मेथडिस्ट उपदेशक मुंबईत आले. घरोघरी भरणाऱ्या लहान प्रार्थनासभांतून १८७२ साली त्यांची मंडळी उभी राहिली. आरंभी तिच्यात इंग्रजी बोलणाऱ्यांचा भरणा होता. परदेशच्या पैशावर न विसंबता मंडळीने आपला भार आपणच वाहावा, हा टेलरसाहेबांचा आग्रह होता. बोवेनसाहेबांचे सारे आयुष्यच या तत्त्वाचा दाखला असल्याने ते या मंडळीत सामील झाले. १८८८ साली त्यांचे निधन झाले. कुलाब्यातील बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने आजही उभे आहे.

येथे एक सल मनात राहते. १९७० साली अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी स्थापन झाली. मेथडिस्टांनी वाटाघाटींत भाग घेतला, पण ऐन वेळी ते बाहेर राहिले. १९८१ साली त्यांची स्वतंत्र भारतीय मंडळी झाली. ज्या बोवेनसाहेबांनी दोन्ही घरांचे अन्न गोड मानले, त्यांच्या वारसांची पंगत मात्र निराळीच राहिली.

गोठ्यात जन्मलेल्या बाळाला धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती. निदान त्याच्या नावाने जमणाऱ्यांनी तरी एकमेकांस जागा द्यावी, हीच आमची नाताळची प्रार्थना.